रंग चढलेला चांदीचा डॉलर: लोक एवढे पैसे का मोजतात आणि घेताना काय बघायचं

परवा न्यू जर्सीहून एका मित्राचा फोन आला. तिथल्या एका कॉइन शोमध्ये उभा होता, म्हणाला अरे इथे दोन मॉर्गन डॉलर (अमेरिकेचे जुने चांदीचे डॉलर) शेजारी शेजारी ठेवलेत, दोन्ही १८८१-एस (साल १८८१, एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची टांकसाळ), दोन्ही एमएस-६४ (न वापरलेल्या नाण्याचा ग्रेड, ७० पैकी), एक पांढराशुभ्र आहे आणि दुसरा निळा-गुलाबी-पिवळा झालाय, आणि त्या रंगलेल्याची किंमत पांढऱ्याच्या सहापट सांगतोय, हा माणूस मला गंडवतोय का? मी म्हटलं गंडवत असेलही, नसेलही, फोनवरून कसं सांगू, पण घाई करू नकोस, आधी मी सांगतो ते बघून घे. तासभर बोललो आम्ही. तेच सगळं इथे लिहून काढतोय, कारण आपल्याकडचे बरेच जण मला हेच विचारतात.

आपल्याला हे पटायला जड जातं त्याचं कारण घरातच आहे. चांदी काळवंडली की घासायची, हे आपण लहानपणापासून बघत आलोय. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आई डब्यातले जुने रुपये काढायची, चिंच नाहीतर पितांबरी लावून लख्ख करायची आणि मग ताम्हनात मांडायची. देवाच्या भांड्यांना ते बरोबरच आहे. पण संग्रहाच्या नाण्याला तो हात लागला की त्याची किंमत पडते ती पडतेच, परत वर येत नाही.

आधी रंग येतो कुठून ते समजून घ्या, कारण खरं-खोटं ओळखायची सगळी किल्ली त्यातच आहे. मॉर्गन डॉलरमध्ये ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबं, वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर. चांदीला गंधक लागलं की तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो. हे गंधक हवेतून येतं, कापडातून येतं, पुठ्ठ्यातून, कागदी पाकिटातून येतं. सुरुवातीला हा थर इतका पातळ असतो की केसाच्या जाडीचा हजारावा भाग म्हटलं तरी चालेल. प्रकाश त्या थराच्या वरच्या पृष्ठभागावरूनही परततो आणि खालच्या चांदीवरूनही, आणि हे दोन परतलेले प्रकाश एकमेकांत मिसळताना काही रंग मारले जातात, काही उठून दिसतात. पावसाळ्यात रस्त्यावर पेट्रोल सांडलं की ओल्या डांबरावर जे इंद्रधनुष्य दिसतं ना, अगदी तोच प्रकार. म्हणजे नाण्यावर रंग लावलेला नसतोच, थराची जाडी आपल्याला रंग म्हणून दिसते.

आणि जाडी वाढते तसे रंग ठरलेल्या क्रमानेच येतात. आधी फिकट पिवळा, मग गडद सोनेरी, मग तांबूस-किरमिजी, जांभळा, निळा, मग फिका आकाशी. थर अजून वाढला की दुसरी फेरी सुरू होते, परत पिवळा, परत गुलाबी-किरमिजी, आणि या फेरीत हिरवा दिसायला लागतो. त्याच्याही पुढे गेलं की रंग मळकट होत होत शेवटी काळा. हा क्रम पाठच करून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मॉर्गनच का. अमेरिकेत १८७८ साली ब्लँड-ॲलिसन कायदा झाला, सरकारने दर महिन्याला २० ते ४० लाख डॉलरची चांदी विकत घ्यायची आणि तिची नाणी पाडायची असं ठरलं. चांदीच्या खाणवाल्यांना गिऱ्हाईक मिळालं, पण लोकांना एवढी जड नाणी खिशात नकोच होती. मग टांकसाळीतून निघालेले हे मॉर्गन डॉलर हजार-हजारच्या कॅनव्हासच्या पिशव्यांत भरून तिजोऱ्यांत जाऊन पडले, ते काही पिशव्यांच्या बाबतीत ऐंशी वर्षं तिथेच. १९६२ ते ६४ च्या सुमारास या पिशव्या बाहेर यायला लागल्या, लोक एका डॉलरला एक डॉलर अशा दर्शनी भावाने घेऊन जात होते, मार्च १९६४ मध्ये वॉशिंग्टनला ट्रेझरीसमोर रांगा लागल्या आणि मग सरकारने ते थांबवलं.

एका पिशवीत हजार नाणी, म्हणजे पावणेसत्तावीस किलोचं ओझं, एकावर एक दाबून. आतली नाणी एकमेकांना झाकून होती म्हणून ती पांढरीच राहिली. कडेची जी नाणी कॅनव्हासला चिकटून होती तीच रंगली, आणि त्यातही सहसा एकच बाजू. एखाद्यावर शेजारचं नाणं अर्धं चढलेलं असेल तर झाकलेला भाग पांढरा आणि उघडा भाग रंगलेला, मध्ये चंद्रकोरीसारखी गोल रेघ. काही नाण्यांवर तर कापडाची वीण उमटलीय, भिंगातून बघितलं की उभे-आडवे धागे मोजता येतात! मला व्यक्तिशः हेच सगळ्यात जास्त आवडतं, कारण ते नाणं कुठे पडून होतं हे ते स्वतःच सांगतं.

म्हणजे आधीच हजारात काही मोजकीच रंगली. त्यातल्याही बहुतेकांचा रंग चांगला नाही, तपकिरी डाग, धब्बे, काळपटपणा, असल्या नाण्याला कोणी जादा देत नाही, उलट कमीच देतात. ज्या थोड्यांवर सुंदर रंग आले त्यातली पुष्कळशी नंतर लोकांनी धुऊन टाकली. गेल्या शतकात बराच काळ चकचकीत पांढरं नाणं म्हणजेच चांगलं नाणं असा समज होता, त्यामुळे डीलर मंडळी नाणं सरळ डिपमध्ये, म्हणजे साफ करायच्या द्रावणात, बुडवून काढायची. या डिपमध्ये थायोयुरिया आणि आम्ल असतं, ते सल्फाइडचा थर सेकंदांत खाऊन टाकतं. आणि थर म्हणजे चांदीच आहे हे विसरू नका, तो गेला म्हणजे नाण्याची सगळ्यात वरची कातडी गेली. एका डिपने फार कळत नाही, पण दोन-चारदा झालं की लस्टर, म्हणजे नाण्याची मूळची झळाळी, मरतं, नाणं पांढरं दिसतं पण निर्जीव. म्हणून आज जे रंगीत मॉर्गन उरलेत ते या सगळ्यातून वाचलेत, आणि त्यांच्यासारखं दुसरं नाणं कुठेच नसतं, कारण दोन नाण्यांवर एकच रंगसंगती कधी येत नाही. १८८१-एस जवळजवळ १ कोटी २८ लाख पाडले गेले, पांढरा पाहिजे तर आत्ता दहा मिनिटांत मिळेल, पण हा विशिष्ट निळा-गुलाबी पाहिजे तर तो एकच आहे आणि दोघांना तो हवा असेल तर भाव कुठे थांबायचा ते त्या दोघांच्या खिशावर. जादा किमतीचं खरं कारण हे. चांदी तेवढीच, साल तेच.

यातून एक गोष्ट निघते जी नवीन लोकांच्या लक्षात येत नाही. रंगाचा प्रीमियम कॉमन सालांवरच सगळ्यात ठळक दिसतो, १८७९ ते १८८२ चे एस टांकसाळीचे, ८३ ते ८५ चे ओ म्हणजे न्यू ऑर्लिन्स टांकसाळीचे. १८९३-एस सारखं फक्त एक लाख पाडलेलं नाणं असेल तर तिथे लोक सालाचे पैसे देतात, रंगाचं फारसं कोणी विचारत नाही.

बरं, आता नाणं हातात आल्यावर काय करायचं. पहिली गोष्ट, दुकानातल्या किंवा शोमधल्या छताच्या ट्यूबलाइटखाली निर्णय घेऊ नका. एकच दिवा पाहिजे, जुना पिवळा बल्ब किंवा हॅलोजन सगळ्यात बरा, आणि तो एका जागी स्थिर. नाणं काठाने धरा, बोटं सपाट भागाला लावायची नाहीत, आणि हळूहळू तिरकं करत फिरवा. चांगल्या मॉर्गनवर प्रकाशाचा एक पट्टा बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यासारखा गोल फिरताना दिसतो, इंग्रजीतही त्याला कार्टव्हीलच म्हणतात. ठोकताना धातू मध्यापासून कडेकडे सरकतो, त्याच्या सूक्ष्म रेषांमुळे हे होतं. रंगीत नाण्यात हा पट्टा रंगाच्या खालून फिरला पाहिजे. निळ्यावरून पट्टा जाताना निळा एकदम पेटल्यासारखा होतो, पुढे गेला की शांत होतो. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की मग विसरत नाही माणूस, मला तर पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो डीलर नाणं परत मागेपर्यंत भान नव्हतं. पट्टा फिरत नसेल, रंग आहे पण खाली सगळं मंद आहे, तर नाणं ठेवून द्या, रंग कितीही भारी असू दे.

दुसरं, रंगांचा क्रम बघा. पांढऱ्याकडून रंगाकडे जाताना मध्ये पिवळा-सोनेरी यायलाच पाहिजे, मग किरमिजी, मग निळा. पांढऱ्याला लागून थेट गडद जांभळा किंवा निळा चिकटलेला दिसला, मधला सोनेरी पट्टाच गायब, तर शंका घ्या. पहिल्या फेरीच्या हलक्या रंगांत मधेच गर्द हिरवा दिसला तरी शंका घ्या. क्रम बरोबर आहे म्हणजे नाणं खरंच असं नाही हां, पण क्रम चुकला तर बहुतेक वेळा काहीतरी केलेलं असतं.

तिसरं बघायला दहा पटीचं भिंग लागेल. छापा बाजूला लिबर्टीचा, म्हणजे स्वातंत्र्यदेवीचा, चेहरा आहे, भोवती अक्षरं आणि तारे. अक्षरांच्या अगदी कडेला बघा. पिशवीत कापड अक्षरांवर टेकलेलं असतं, त्यामुळे अक्षराला लागून असलेल्या खोलगट जागेत ते पोचत नाही, आणि तिथे बारीकशी न रंगलेली किंवा फिकट सोनेरी किनार राहते. तसंच अक्षराचा वरचा भाग आणि बाजूचं मैदान यांचा रंग वेगळा असतो, मैदान निळं तर अक्षर सोनेरी असं. वर्षानुवर्षं हळूहळू रंगलेल्या नाण्यात ही उंच-सखलतेची दखल रंगात दिसते. गॅसने किंवा उष्णता देऊन पटकन रंगवलेल्यात रंग सगळ्यावरून सरसकट वाहत गेल्यासारखा दिसतो, अक्षर असो की गाल, त्याला फरक पडत नाही.

आणि चौथं, ओरखडे. हे मी पैसे घालवून शिकलो. सुरुवातीच्या काळात ऑनलाइन एक मॉर्गन घेतला, दोनशे डॉलर दिले, फोटोत मोरपिशी निळा, काठाला केशरी, बघताक्षणी प्रेमात पडलो. विक्रेत्याने लिहिलेलं, जुन्या संग्रहातलं नाणं. ते ग्रेडिंगला, म्हणजे तज्ज्ञांकडून तपासून दर्जा ठरवायला, पाठवलं तर परत आलं, पाकिटावर क्वेश्चनेबल कलर (रंग संशयास्पद), ग्रेड नाही. मग पहिल्यांदा नीट भिंग लावून बघितलं तर गालावर एका दिशेने केसासारख्या बारीक रेघा, आणि त्या रेघांच्या आतसुद्धा तोच निळा रंग भरलेला. म्हणजे आधी कोणीतरी नाणं घासलं, ते बिघडलं, आणि ते झाकायला वरून रंग चढवला. घ्यायच्या आधी भिंग लावलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. तेव्हापासून रंग बघायच्या आधी रेघा बघतो.

काही नाण्यांच्या बाबतीत आधीपासूनच सावध राहा. पीस डॉलर, म्हणजे १९२१ ते ३५ चे, ते सहसा सुंदर रंगत नाहीत, त्यामुळे इंद्रधनुषी पीस डॉलर कोणी दाखवला तर माझा पहिला प्रश्न हाच असतो की हे झालं कसं. सिल्व्हर ईगल १९८६ पासूनचे, ९९.९ टक्के चांदी, ते सहज रंगवता येतात आणि बाजारात तसे ढिगाने आहेत. उलट १९४७ ते ५८ चे मिंट सेट, म्हणजे टांकसाळीने विकलेले त्या त्या सालच्या नाण्यांचे संच, सरकारने पुठ्ठ्यातच दिले होते, त्यातल्या अर्ध्या डॉलरांवर आणि क्वार्टरवर (पाव डॉलरवर) खरोखर अप्रतिम रंग आलेत. जुन्या पुठ्ठ्याच्या अल्बममध्ये ठेवलेल्या नाण्यांवर काठाकडून आत असे गोल गोल पट्टे येतात, कागदी रोलच्या टोकाला असलेल्या नाण्याची फक्त बाहेरची बाजू रंगते. म्हणजे रंगाचा आकार आणि नाणं ठेवलेल्या जागेची गोष्ट एकमेकांशी जुळली पाहिजे. विक्रेता म्हणतो पिशवीतलं आहे आणि दोन्ही बाजूंना एकसारखे गोल पट्टे आहेत, तर ती गोष्ट जुळत नाही.

हिरवा चिकट बुळबुळीत थर म्हणजे टोनिंग (नाण्यावर चढलेल्या या रंगाला तेच म्हणतात) नाही, ती पीव्हीसीच्या प्लास्टिक पाकिटाची घाण आहे आणि ती नाणं खाते. ती शुद्ध ॲसिटोनने निघते, ॲसिटोन टोनिंगला हात लावत नाही, पण हवेशीर जागेत आणि ज्योतीपासून लांब बसून करा, आणि नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात सुगंध आणि तेलं असतात.

आता स्लॅबबद्दल, म्हणजे नाणं तपासून, ग्रेड देऊन ज्या प्लास्टिकच्या डबीत बंद करतात तिच्याबद्दल. असं ग्रेडिंग करणाऱ्या कंपन्यांपैकी पीसीजीएस १९८६ ला सुरू झाली, एनजीसी १९८७ ला, आणि नवीन माणसाने रंगीत नाणं या दोघांपैकी कोणाच्या तरी स्लॅबमध्येच घ्यावं असं माझं ठाम मत आहे. एनजीसी काही नाण्यांना ग्रेडच्या पुढे एक तारा देते, तो दिसण्यातल्या देखणेपणासाठी असतो, रंगीत मॉर्गनवर तो बऱ्याचदा दिसतो. पण स्लॅब म्हणजे त्या तज्ज्ञांना रंग बाजारात चालण्यासारखा वाटला एवढंच, नाणं कुठे आणि कसं रंगलं याचा दाखला ते देऊ शकत नाहीत, कोणीच देऊ शकत नाही. म्हणून स्लॅब असला तरी वरचे सगळे सोपस्कार करायचेच. ऑनलाइन घेताना फोटोवर अजिबात विसंबू नका, रंग वाढवून टाकणं एका बोटाचं काम आहे. सरळ व्हिडिओ मागा, एका दिव्याखाली नाणं फिरवताना, आणि चौकटीत एखादा पांढरा कागद ठेवायला सांगा, कागद निळसर किंवा पिवळा दिसत असेल तर नाण्याचा रंगही तसाच फसवा आहे. आणि परत घेण्याची अट लिहून घ्या.

किंमत कशी ठरवायची? मी आधी पांढऱ्याचा भाव बघतो, तेच साल, तीच टांकसाळ, तोच ग्रेड. मग रंगाला किती पट द्यायचं ते ठरवतो. काठाला नुसती सोनेरी झाक असेल तर मी काहीच जादा देत नाही, विक्रेता कितीही टोनिंग टोनिंग करू दे. छापा बाजूचा तिसरा हिस्सा किंवा अर्धा भाग स्वच्छ रंगांनी भरला असेल, लस्टर जिवंत असेल, तर दुप्पट-तिप्पटपर्यंत जातो. पूर्ण चेहऱ्यावर सगळे रंग असतील तर ती लिलावातली गोष्ट, तिथे दहापट आणि त्याच्याही पुढे जातात लोक, आणि तिथे हात घालायच्या आधी तशाच नाण्यांचे मागचे लिलावाचे भाव फोटोंसकट बघून ठेवा. रंग काटा बाजूला असेल तर किंमत बरीच कमी, कारण सगळ्यांना चेहराच रंगलेला हवा असतो, आणि म्हणून बजेट कमी असेल तर काटा बाजू रंगलेली नाणी मी मुद्दाम सुचवतो, रंग तेच असतात, त्या बाजूच्या गरुडावर तर कधी कधी जास्त खुलतात. हे पण लक्षात ठेवा की नेहमीचा डीलर विकत घेताना रंगाचे पैसे सहसा देत नाही, तो पांढऱ्याचाच भाव सांगतो. ज्यांना रंगाचं वेड आहे त्यांच्यापर्यंत नाणं पोचलं तरच पैसे वसूल होतात. महिन्याच्या खर्चातले पैसे यात घालू नका.

मित्राने त्या दिवशी फोन चालू ठेवूनच सगळं बघितलं. पट्टा फिरतोय, सोनेरीतून किरमिजी, त्यातून निळा, ताऱ्यांभोवती बारीक किनार, गाल स्वच्छ. पण रंग चेहऱ्याच्या जेमतेम पाव भागावर होता. मी म्हटलं नाणं खरं वाटतंय पण सहापट नाही, दुप्पट सांग. त्याने सांगितलं, डीलर नाही म्हणाला, हा निघून आला. तेही चांगलंच झालं, त्याचे डोळे तरी तयार झाले.

घेतल्यावर ठेवायचं कसं, तर गंधकापासून लांब, एवढंच. रबरबँड नको, लोकरीचं कापड नको, पुठ्ठ्याचा डबा नको, लाकडी कपाटाचा खण नको. स्लॅब हवाबंद नसतो, आतही थर हळूहळू वाढू शकतो आणि आजचा सुंदर निळा उद्या पुढच्या फेरीत जाऊन मळू शकतो. मुंबईत किंवा कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांनी तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाच आणि पावसाळ्यात बदला.

शेवटी आपल्याकडच्या चांदीच्या रुपयाबद्दल, कारण या डॉलरचं आणि त्याचं नातं खरंच आहे. पहिल्या महायुद्धात भारतात लोक नोटा देऊन चांदीचे रुपये मागायला लागले आणि सरकारकडे चांदी संपत आली. तेव्हा अमेरिकेने एप्रिल १९१८ मध्ये पिटमन कायदा करून तिजोऱ्यांतले २७ कोटींवर डॉलर वितळवले, आणि त्यातली जवळपास २५ कोटी ९१ लाख डॉलरांची चांदी ब्रिटिशांनी भारतासाठी विकत घेतली. तिचे रुपये पडले मुंबईच्या आणि कलकत्त्याच्या टांकसाळीत. एका मॉर्गनमध्ये २४.०६ ग्रॅम चांदी आणि पंचम जॉर्जच्या रुपयात सुमारे १०.६९ ग्रॅम, म्हणजे एका डॉलरच्या चांदीत सव्वादोन रुपये. तुमच्या घरी १९१८ किंवा १९१९ चा रुपया असेल तर त्यात ती चांदी असू शकते. काटा बाजूला सगळ्यात खालच्या कमळाखाली बारीक ठिपका असेल तर तो मुंबईचा, नसेल तर कलकत्त्याचा.

माझ्याकडे आजीच्या पेटीतला १९१८ चा एक आहे, ठिपक्याचा. तो आईच्या पितांबरीच्या तडाख्यातून सुटला कारण वेगळ्या कापडी बटव्यात होता, दुसऱ्या रुपयाखाली अर्धा दबलेला. राजाच्या मुकुटापासून कानापर्यंत सोनेरी, मग जांभळी, मग निळी कोर आहे आणि उरलेला भाग राखाडी-पांढरा. मागच्या दिवाळीत आईने घासायला मागितला तेव्हा मी तिला खिडकीत नेऊन उन्हात फिरवून दाखवला. तिने बराच वेळ बघितला, मग काही न बोलता प्लास्टिकच्या कॅप्सूलसकट ताम्हनात ठेवला आणि हळद-कुंकू कॅप्सूलवरच वाहिलं.